काष्टीला नेलेलं चित्र

वांगी चित्रकारासाठी फार थांबत नाहीत. आधी देठ वाळतो, मग सालीवरचं जांभळं तेज उतरतं, आणि चित्र निम्म्यावर आलेलं असताना स्वयंपाकघरातून विचारणा होते, "यातलं आता चिरायला घेऊ का?" आमच्या घरी हा प्रश्न इतक्या वेळा आला की शेवटी मी भाजीचा नाद सोडून तांब्यापितळेच्या भांड्यांकडे वळलो. भांडं वाळत नाही, नासत नाही, कुणाला चिरायला लागत नाही. त्याची कुणाला आठवण येत असेल, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी नगरच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत असे. मुंबईच्या कलाशाळेत शिकलो, तिथेच राहायचं मनात होतं, पण वडील गेले आणि परत यावं लागलं. नगरमध्ये चित्रकाराला काम नव्हतं असं नाही. देवांच्या तसबिरी, वारलेल्या आजोबांचा बारीकसा फोटो बघून रंगवायचा मोठा चेहरा, नाटकमंडळींचे पडदे. हे सगळं मी केलं आणि मन लावून केलं. आजोबांना जरा गोरं करा, असं सांगणारी नातवंडंही मी नाराज केली नाहीत. पण माझा जीव रमायचा तो वस्तुचित्रात. कलाशाळेत आम्ही त्याला स्टिल लाइफ म्हणायचो. आमच्या हायस्कुलातले संस्कृतचे शास्त्रीबुवा 'मुकी चित्रं' म्हणत. "काय मास्तर, आज कोण मुकं बसलंय समोर?" असं ते रोज विचारायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, समोर कांदा ठेवला आणि काढला. खरं काम काढण्याच्या आधीचं असतं. कुठली वस्तू कुणाशेजारी ठेवायची, किती अंतरावर, मागे कुठलं फडकं टांगायचं, खिडकी किती उघडायची. यात माझी अख्खी सुट्टी जायची आणि कागदावर रेघसुद्धा उमटलेली नसायची. बायको म्हणायची, "नुसतं भांडी इकडून तिकडे करायची असतील तर माझ्याकडे बरीच आहेत."

तांबं काढायला सगळ्यांत अवघड. तांब्याला स्वतःचा रंग थोडा, उसना फार. शेजारी लिंबू ठेवलं की भांड्याच्या पोटात पिवळं उतरतं. मागे निळं लुगडं टांगलं की कडेला निळसर झाक येते. खिडकीत कुणी येऊन उभं राहिलं तर तो माणूसही त्यात वाकडातिकडा होऊन दिसतो. एवढं सगळं रंगवायचं आणि तरी पाहणाऱ्याला ते तांबंच वाटलं पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. तांब्यापितळेला मागणी आली होती आणि खेड्यापाड्यांतून भांडी मोडीत निघत होती. भांड्यांच्या बाजारात एका शेठजींचं मोडीचं दुकान होतं. दारात घागरी, पराती, कळशा, समया यांचा ढीग पडलेला असे. मी त्यात हात घालून बसायचो. शेठजी भला माणूस. "न्या मास्तर, काढून झालं की आणून टाका. गाडी भरली की वितळवायला जाईल," असं सांगून हवं ते भांडं उसनं द्यायचा. असा मी त्या वर्षांत वितळायला निघालेली कितीतरी भांडी काढली.

त्यातच एक हंडा होता. चांगला जाड, जुन्या घडणीचा. पोटावर एका बाजूला खोल पोचा होता आणि त्या पोच्यात उजेड असा साठून राहायचा की मी तो पाहताक्षणी उचलला. गळ्याखाली नाव घातलेलं होतं. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी घालतात तसं: 'चि. सौ. कां. अनसूया हिस मामांकडून.' चित्रात अक्षरं काढू नयेत, असं आमच्या कलाशाळेतल्या मास्तरांचं सांगणं होतं. अक्षर आलं की माणूस बघायचं सोडून वाचायला लागतो, म्हणत. मी हंडा फिरवून नाव मागे न्यायचा प्रयत्न करून पाहिला. पण मग पोचाही मागे जायचा. शिवाय त्या एकेका ठिपक्यात सकाळच्या उन्हाचा कण चमकत होता. मोह आवरला नाही. नावासकट हंडा काढला. शेजारी लिंबं आणि एक मळकं फडकं. चित्र वाळल्यावर हंडा शेठजींना परत केला आणि तो गेला.

ते चित्र मुंबईच्या एका प्रदर्शनात पाठवलं. तिथे ते एका दरवाजाच्या वर टांगलं होतं. दरवाजातून आत येणाऱ्याला ते दिसायचं नाही आणि बाहेर जाणारा वर बघायचा नाही. मी स्वतः मुंबईला जाऊन मान वर करून पाहून आलो, म्हणून एक प्रेक्षक मिळाला म्हणायचं.

मग नगरातच प्रदर्शन भरवलं. वाचनालयाच्या मंडळींनी आपला दिवाणखाना दिला. पहिल्या दिवशी शाळेतले सहकारी, काही वकील, एक डॉक्टर येऊन गेले. दुसऱ्या दिवशी कुणीच नाही. ग्रंथपालांना माझी दया आली असावी. त्यांनी शिपायाला रस्त्यावर उभं केलं. तो ओरडायचा, "या, चित्रं बघा, फुकट हाय!" त्याच्या आवाजानं मात्र माणसं आली. बाजाराला आलेली, कोर्टकचेरीच्या कामाला आलेली. भाकरी-कांद्याच्या चित्रापुढे एकजण सोबत्याला म्हणाला, "घे, ह्याला रेशनकार्ड लागत न्हाई." सगळे हसले, मीही हसलो. पण ते चित्र मी संध्याकाळी उतरवून ठेवलं. धान्यासाठी रांगा लागत असताना ते भिंतीवर बघवेना.

हंड्याचं चित्र त्याच दिवशी विकलं गेलं. घेणारे गावातले एक निवृत्त मामलेदार. सगळं नगर त्यांना रावसाहेब म्हणे, मीही तेवढंच म्हणतो. आमच्या भागात चित्रं जमवणारा हा एकच माणूस मी पाहिला. माडीवरचा त्यांचा दिवाणखाना भिंतभर भरलेला होता. काचेवर रंगवलेली देवदेवतांची चित्रं, कॅम्पातला कुणी गोरा अधिकारी मायदेशी जाताना ठेवून गेला ती पाण्याच्या रंगातली निसर्गदृश्यं, जुन्या सरदारांचे चेहरे. रावसाहेब फार उंच होते आणि चित्रं स्वतःच्या नजरेच्या उंचीवर टांगायचे, त्यामुळे बाकीचं जग त्यांचा संग्रह मान वर करून बघायचं. त्यांचे नियम कडक. चित्राला बोट लावायचं नाही. एकदा घरात आलेलं चित्र बाहेर जाणार नाही. आणि एकदा टांगलेल्या चित्राला कुंचला लागणार नाही, चित्रकाराचा स्वतःचा असला तरी. "तुम्ही दिलंत तेव्हाच ते संपलं," ते मला म्हणाले होते.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी पांढऱ्या पटक्यातला एक वयस्क शेतकरी आत आला. मिरजगावकडून लिंबं घेऊन नगरच्या बाजाराला आला होता. शिपायाच्या हाकेनं आलेल्यांपैकीच एक. आला तसा भराभर भिंतीकडेनं चालला आणि हंड्यापुढे थबकला. बराच वेळ हलेना. मग त्यानं बोट वर केलं आणि हवेतच एकेका अक्षराखालून फिरवत ओठ हलवत वाचायला लागला.

वाचून झाल्यावर मागे वळला. "हे कुनी काढलं?"

"मी."

"ह्यो हंडा कुठं गावला तुमाला?"

"मोडीत आला होता. तिथून काढण्यापुरता आणला होता."

"आता कुठं हाय?"

"वितळला असेल. बरेच दिवस झाले."

तो चित्राखालीच जमिनीवर बसला. मी पाणी आणून दिलं. ते त्यानं हातातच धरून ठेवलं.

"ह्यातला मामा म्या हाय," तो म्हणाला.

त्याचं नाव हरिभाऊ. अनसूया ही त्याची भाची, लहानपणीच आईबाप गेले म्हणून त्यानंच वाढवलेली. काष्टीला दिली होती. लग्नात हंडा, परात, घागर, समई, सगळं दिलं, आणि हंड्यावर नाव घालताना तो स्वतः तांबटाशेजारी बसून होता. लग्नाला वर्षं झाली, मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि हिला मामाकडे आणून सोडलं. हरिभाऊनं भांडी परत मागितली तर नवरा म्हणाला, कसली भांडी? पंच बसले. नवऱ्यानं देवळात हात वर करून सांगितलं की मामानं लुगड्याशिवाय काही दिलं नव्हतं. हरिभाऊजवळ दाखवायला काही नव्हतं. लग्नात जेवून गेलेली माणसंसुद्धा, आम्ही काय भांडी मोजत होतो का, म्हणाली.

"भांडी गेली त्येचं न्हाई, मास्तर," हरिभाऊ म्हणाला. "पन पोरगी खोटारडी ठरली. मिरजगावातसुदीक बायका तिला इचारत्यात, का गं, मामानं खरंच दिल्ता का हंडा? ती आता पान्याला जात न्हाई. दुपारी समद्या आत असल्या म्हंजे जाती."

मग त्यानं हात जोडले. "हे चित्तर येवढं काष्टीला दाखवू द्या."

चित्र माझं राहिलं नव्हतं. हरिभाऊला घेऊन मी रावसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मास्तर, चित्र म्हणजे काय सातबारा आहे? आयुष्यभर मी पुरावे तपासले. चित्रकार वाटेल ते काढतो. उद्या तुम्ही माझ्या डोक्यावर शिंगं काढलीत म्हणून मला शिंगं आहेत असं कुठला पंच मानेल?"

"मी शिंगं काढत नाही, रावसाहेब. असतील तरच काढतो."

ते हसले, पण चित्र द्यायला तयार झाले नाहीत. प्रवासात फाटेल, गर्दीत कुणी हात लावील, शिवाय नियम तो नियम. हरिभाऊ उठला आणि पायऱ्या उतरून गेला.

पुढच्या बाजाराला तो पुन्हा आला, आणि अनसूयेला घेऊन आला. मी त्यांच्याबरोबर रावसाहेबांच्या माडीवर गेलो. बारीक चणीची बाई, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. चित्र प्रदर्शनातून येऊन रावसाहेबांच्या उंचीवर टांगलेलं होतं. ती खाली उभी राहून मान वर करून बघत राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही. कुणी ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तशी तिच्या तोंडावर हळूहळू ओळख पसरली.

"मला हंडा नको," ती रावसाहेबांना म्हणाली. "भरपाई बी नको. मी खोटं बोलत न्हाई, येवढं त्यास्नी कळू द्या. मग मी कुठं बी ऱ्हाईन."

रावसाहेब खिडकीपाशी गेले. पाठमोरे उभे राहिले. मग गड्याला हाक मारून स्टूल मागवलं, आणि गडी चढायला लागला तर त्याला बाजूला करून स्वतः चित्र उतरवलं.

"मी बरोबर येईन," ते मला म्हणाले. "चित्र एकटं जाणार नाही."

असे आम्ही काही दिवसांनी पॅसेंजरनं काष्टीला निघालो. रावसाहेब लांब कोटात आणि पगडीत, चित्र त्यांच्या स्वतःच्या रजईत गुंडाळलेलं. बाकावर त्यांनी ते खिडकीच्या बाजूला बसवलं आणि कडेला स्वतः बसले. मधल्या एका स्टेशनवर चढलेल्या म्हातारीनं विचारलं, "कंचा देव हाय वो?" रावसाहेबांनी काही उत्तर दिलं नाही. तिनं ते मौन पुरेसं मानलं, रजईला हात लावून तो कपाळी लावला, आणि मग डब्यातल्या आणखी बऱ्याच जणांनी तसंच केलं. बोट लावू न देणारे रावसाहेब गप्प बसून राहिले.

देवळाच्या ओट्यावर पंच बसले होते. हरिभाऊनं आदल्या बाजारी निरोप पाठवलाच होता, त्यामुळे गावही जमलं होतं. रावसाहेबांनी रजई सोडली आणि चित्र एका खांबाला टेकवून उभं केलं. सगळा घोळका पुढे सरकला. माझी चित्रं तोवर इतक्या माणसांनी एका वेळी पाहिली नव्हती. आणि इतक्या जवळून, इतका वेळ तर कुणीच नाही.

गावचे पाटील वयस्क होते, शांत बोलणारे. त्यांनी मला पुढे बोलावलं.

"मास्तर, तुमी हे मनानं काढलं का बघून?"

"बघून."

"समदं?"

मी जरा अडखळलो. खरं काय ते सांगावं असं ठरवलं. "लिंबं मी माझ्या मनानं मांडली. फडकं माझ्या घरचं आहे. पण हंड्यावर जे दिसतंय ते सगळं हंड्यावर होतं. मनचं एक टिंबही नाही."

प्रदर्शनात लोक 'हुबेहूब' म्हणत तेव्हा मला तो शब्द आवडत नसे. हुबेहूब काढणं ही आमच्या धंद्यातली पहिली इयत्ता, पुढचं काही दिसलंच नाही का यांना, असं वाटे. त्या दिवशी देवळाच्या ओट्यावर कुणीतरी तो शब्द म्हणावा म्हणून मी कासावीस झालो होतो.

अनसूयेचा नवरा नामदेव समोर उभा होता. धट्टाकट्टा, पण नजर न ठरणारा. तो म्हणाला, "पाटील, अनसूया काय एकच हाय का ह्या मुलखात? घरटी एक अनसूया सापडंल. आन् मामा तर समद्यास्नीच असत्यात."

घोळक्यात हसू फुटलं. पाटलांनीही मान हलवली. "हे बी खरं हाय, हरिभाऊ. नाव हाय, पन गावाचं न्हाई, आडनावाचं न्हाई. ह्योच हंडा कशावरनं?"

हरिभाऊ बोलायला लागला, पण शब्द एकमेकांत अडकले. रावसाहेब माझ्याकडे बघत होते. हंडा कुणाच्या घरातून मोडीत आला हे मला तरी कुठं ठाऊक होतं? अनसूया पलीकडच्या खांबाआड उभी होती. तिनं पदर आणखी पुढे ओढला. आता ही बाई या गावातून दुसऱ्यांदा खोटी ठरून जाणार आणि या खेपेला तिला इथवर माझ्या चित्रानं आणलंय, असं माझ्या मनात आलं.

बायका ओट्याच्या कडेला वेगळ्या बसल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी उठली. तिला कमी दिसत असावं, कारण ती खांबाला, माणसांना चाचपत पुढे आली. लोकांनी वाट दिली. ती नामदेवाची आई, गोदाबाई. ती चित्रापाशी गुडघ्यावर बसली आणि नाक लागेल इतकं तोंड जवळ नेलं. रावसाहेबांनी हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला.

तिनं अक्षरांकडे पाहिलंच नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिचं बोट हंड्याच्या पोटावरून फिरत फिरत खाली आलं आणि पोच्यावर थांबलं.

"अगं बया," ती म्हणाली. "ह्यो तर आपल्या इहिरीच्या दगडाचा पोचा."

पाटील पुढे वाकले.

"माझ्या हातनं पडला हुता," ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होती. "पायरीवर पाय निसटला. मी पडले आन् हंडा बी पडला. अनसूयेनं आधी मला उचललं. मी म्हनलं, अगं हंड्याला पोचा आला की. तर म्हनली, येऊ द्या आत्याबाई, तुमाला न्हाई ना आला."

"आये!" नामदेव ओरडला.

"आये काय?" म्हातारी वळली. "तू इकलास तवा मी काय म्हनले हुते? तिच्या मामाचं हाय, ठिव म्हनले हुते का न्हाई? इकलास ते इकलास, वर देवाम्होरं उभा ऱ्हाऊन मामाला खोटं पाडलंस. मी तवा गप बसले. पोटचा हाईस म्हनून गप बसले. आता हे म्होरं आणून ठिवल्यावर कशी गप बसू?"

नामदेव खाली बघत राहिला. त्याच्यावर त्या वेळी मला राग आला असायला हवा होता, पण आठवतं ते त्याचे हात. कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. पाटलांनी त्याला सगळ्यांदेखत म्हणायला लावलं की मामानं भांडी दिली होती आणि ती मी विकली. तो हळू आवाजात म्हणाला. "समद्यास्नी ऐकू जाऊ दे," पाटील म्हणाले. तो पुन्हा म्हणाला. घरात उरली असतील ती भांडी आणि नवा हंडा त्यानं मिरजगावला पोचता करायचा, असं ठरलं.

हरिभाऊनं डोक्यावरचा पटका काढून त्यानंच तोंड पुसलं. अनसूया खांबाआडून पुढे आली, पण ती मामाकडे आली नाही, माझ्याकडे नाही, चित्राकडेही नाही. ती सासूपाशी गेली आणि तिला हाताला धरून उठवलं, कारण म्हातारीला गुडघ्यावरून उठता येत नव्हतं.

परतीच्या गाडीत विसापूर मागे पडलं तसे रावसाहेब माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तो पोचा मला दोष वाटत होता, मास्तर. तुम्ही एखादा धड हंडा का नाही निवडलात, असं मी घेताना मनात म्हटलं होतं."

घरी गेल्यावर त्यांनी चित्र पुन्हा टांगलं ते बाकीच्यांपेक्षा बरंच खाली. विचारलं तर म्हणाले, "बायकांना दिसलं पाहिजे."

अनसूया सासरी परत गेली नाही. तिला कुणी न्यायलाही आलं नाही. रावसाहेबांनी ओळखीनं तिला नगरच्या एका दवाखान्यात कामाला लावलं आणि तिथेच ती दाईचं काम शिकली. पुढे तिच्या हातून कितीतरी बाळंतपणं झाली. आमच्या धाकटीच्या वेळीही तीच होती.

रावसाहेब गेल्यावर त्यांचा संग्रह विखुरला. पुतण्यांना त्याची आवड नव्हती आणि माडी भाड्यानं द्यायची होती. मी शाळेला विचारून पाहिलं, वाचनालयाला विचारलं. भिंत कुणाकडेच रिकामी नव्हती. मुंबईचा एक व्यापारी येऊन सगळं एकदम घेऊन गेला. हंड्याचं चित्र आज कुणाकडे आहे मला माहीत नाही. ज्याच्याकडे असेल त्याला ते एक जुनं, बऱ्यापैकी जमलेलं वस्तुचित्र वाटत असेल. ते त्यानं नीट ठेवलं असलं म्हणजे झालं. या गोष्टीची मला आजही हळहळ वाटते, कारण एवढ्या जिवापाड जपलेल्या भिंती मी फार थोड्या पाहिल्या.

पण रावसाहेब हयात असतानाची एक सकाळ सांगितली पाहिजे.

दमट हवेनं त्यांच्याकडच्या काचेवरच्या एका चित्राचा रंग सुटत होता. ते मी केलेलं नव्हतं, म्हणून त्याला हात लावायची मला परवानगी होती. निदान रावसाहेबांनी तसा अर्थ लावला होता. मी रंगांची पेटी उघडून खिडकीशी बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली आणि अनसूया आली. बरोबर गोदाबाई. म्हातारीच्या डोळ्यांचा मोतीबिंदू काढायला अनसूयेनंच तिला काष्टीहून आणवलं होतं आणि दवाखान्यातून सुटल्यावर आपल्याच खोलीवर ठेवून घेतलं होतं. नामदेव येऊन भेटून गेला होता म्हणे. दारातूनच.

"आत्याबाईंस्नी चित्र बघायचंय," अनसूया म्हणाली. "तवा नीट दिसलं न्हाई म्हनत्यात."

रावसाहेबांनी सतरंजी अंथरायला लावली. गोदाबाई चित्रासमोर बसली. जाड भिंगांच्या चष्म्यातून ती कितीतरी वेळ बघत होती. पोचा पाहिला, लिंबं पाहिली, फडकं बघून, "धुवायला पायजे हुतं," असं म्हणाली. मी मान खाली घातली. मग तिची नजर हंड्याच्या तोंडावर गेली. मी तो हंडा पाटावर ठेवून उभ्यानं काढला होता, त्यामुळे तोंडाचं गोल कडं आणि आतला अंधार दिसत होता.

"ह्यात पानी न्हाई का वो?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "रिकामाच होता तो. मोडीत आला होता ना."



"माझ्या घरात हिनं कधी रिकामा ठिवला न्हाई," ती म्हणाली. "भर उन्हाळ्यात बी न्हाई. इहीर तळाला गेली तरी न्हाई. पहाटं उठून बघावं तर भरलेला असायचा. आन् आमी हिला..."

तिनं वाक्य तिथेच सोडलं. अनसूया खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर रस्त्यावर टांगा जात होता, त्याकडे ती फार लक्ष देऊन बघत होती.

रावसाहेब आपल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्या पेटीकडे पाहिलं.

"मास्तर, ओले रंग आहेत ना समोर?"

"आहेत."

"मग पाणी भरा."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. काष्टीच्या ओट्यावर मी पंचांसमोर सांगितलं होतं की हंड्यावर मनचं एक टिंबही नाही. आणि हे तेच रावसाहेब, ज्यांनी मला माझ्याच सहीतला पुसट झालेला काना दुरुस्त करू दिला नव्हता.

"बघताय काय?" ते म्हणाले. "म्हातारी सांगतेय ना. भरलेला असायचा."

मी पेटी उचलून चित्राशेजारी सतरंजीवर बसलो. आतल्या अंधारात आधी खिडकीचा निळसर उजेड घातला, मग कडेला तांब्याची लालसर झाक, मग मधोमध पांढऱ्याची एक बारीक हलती रेघ. गोदाबाई माझ्या खांद्याशी वाकून बघत होती. अनसूयाही येऊन मागे उभी राहिली होती.

"आनखी," म्हातारी म्हणाली. "तोंडापातूर."

मी तोंडापर्यंत भरला.